तिन्ही लाल

वरच्या बटनावर पट्टी चिकटवलेली होती, खरचटल्यावर बोटाला लावतात ती. बटन खालच्या बाजूनं दाबलेलं आणि त्यावरून उभी पट्टी, दोन्ही टोकं बोर्डावर नीट चेपलेली. मी गच्चीवरचे वाळलेले टॉवेल घेऊन खाली येत होतो. दुपारचे बारा वाजले तरी आमच्या जिन्यात काळोख असतो; घर बांधताना जिना शेजाऱ्याच्या भिंतीला लागून घेतला आणि खिडकीला जागाच उरली नाही. दिवा लागलेला होता. मी नखानं पट्टी सोलली. का सोलली ते सांगता येणार नाही, बटनाला पट्टी बरी दिसत नव्हती म्हणून असेल. सोलल्यावर बोटानं आपोआप बटन दाबलं. दिवा गेला. भिंतीला हात लावत, पायऱ्या मोजत खाली आलो. सतरा. खालचं बटन दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. त्या बटनाची आणि त्या दिव्याची कधी ओळखच नव्हती असं ते बटन नुसतंच वरखाली होत राहिलं.

“चंद्रकला, जिन्याच्या बोर्डाले कोनं हात लावला?”

बायको स्वयंपाकघरात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. “पट्टी काढली का तुमी?”

“मी काय विचारून राहिलो?”

“तुमीच जी,” ती म्हणाली. “सोमवारी. बटन चरचर करून राहिलं होतं, तं तुमी नवं आणून बसवलं. तवापासून खालचं चालत नाही. वरचं दाबून ठेवलं तं चालते. म्हणून पट्टी लावली.”

“मले सांगितलं काहून नाही?”

तिनं एक शेंग सोलली. दाणे पातेल्यात पडल्याचा आवाज आला. “कायले सांगू,” ती म्हणाली.

सोमवार. आज गुरुवार आहे, हे मला माहीत आहे, कारण साकोलीच्या आमच्या गल्लीत गुरुवारी पाणी सकाळी येतं आणि ते आलं होतं. बुधवारी मी दाढी केली. मंगळवारी पुण्याहून विनोदचा, आमच्या मुलाचा फोन आला, त्याच्या ऑफिसात नवा साहेब आला आहे. रविवारी शेजारचे श्यामराव आले होते, धानाला यंदा तुडतुडा लागला असं म्हणाले आणि दोन कप चहा प्याले. रविवारनंतर मंगळवार. मध्ये खड्डा आहे असंसुद्धा म्हणता येत नाही, खड्ड्याला कड असते, पाय टाकला तर कळतं. इथं रविवारची संध्याकाळ मंगळवारच्या सकाळला इतकी बेमालूम चिकटलेली होती की चंद्रकला बोलली नसती तर त्या आठवड्यात सोमवार नव्हताच असं मी शपथेवर सांगितलं असतं. मी मोबाइलचा टॉर्च घेऊन पुन्हा वर गेलो. बोर्डावर तीन बटनं, त्यातलं एक इतर दोन्हींपेक्षा पांढरं. बोर्डाच्या दोन्ही स्क्रूंच्या खाचा उभ्या. मी स्क्रू पिळला की खाच उभी करूनच सोडतो, आडवी-तिरपी ठेवत नाही. एकोणतीस वर्षं पोरांना तेच करायला लावलं, कारण उभ्या खाचेत धूळ साचत नाही, आणि खरं सांगायचं तर कारण काही नाही, ती माझी सही आहे. तर सही माझीच होती. माणूस मात्र तिथं नव्हता.

मी वायरमन ट्रेडचा निदेशक होतो. आयटीआयमध्ये दर वर्षी वीस-बावीस पोरं माझ्या हाताखालून जायची, एकोडीची, आंबागडची, लाखांदूरकडची, सायकलीनं आणि एसटीनं येणारी, आणि त्यांच्या मनात सगळ्यात आधी गोंधळ उडवायची ती जिन्याची वायरिंग. एक दिवा, दोन बटनं. खालून लावा, वरून घालवा. साध्या बटनाला मागं दोन वायरी, इथं प्रत्येक बटनाला तीन. त्यातली एक कॉमन, म्हणजे खालच्या बटनात जिच्यातून करंट येतो ती आणि वरच्या बटनात जी दिव्याकडं जाते ती. आणि उरलेल्या दोन एका बटनाकडून दुसऱ्याकडं नुसत्या ये-जा करणाऱ्या. पोरं विचारायची, सर, यात चालू कोणती बाजू अन् बंद कोणती? मी म्हणायचो, कोणतीच नाही. हे बटन वर आहे का खाली आहे यावरून काही कळत नाही. तिकडच्यानं काय केलं आहे त्यावर इकडचं ठरतं. बटनाकडं पाहू नका, दिव्याकडं पाहा. पोरं वहीत लिहून घ्यायची, बटनाकडे पाहू नये. परीक्षेत सुद्धा लिहायची.

हे घर बांधलं तेव्हा वायरिंग मीच केली. रविवारचे रविवार, बनियनवर, पांढऱ्या सिमेंटच्या धुळीत. आणि सगळी एकाच रंगानं केली. लाल. दुकानदाराकडं लाल वायरीची मोठी गुंडाळी स्वस्तात पडून होती हे एक, पण ते काही खरं नाही, दुसरे रंगही होते, मागितले असते तर मिळाले असते. मला हौस होती. रंग शिकणाऱ्यांसाठी असतात असं मी तेव्हा गवंड्यासमोर म्हणालो होतो, आणि गवंडी हसला होता, आणि त्याचं हसणं मला आवडलं होतं. चंद्रकला खाली उभी राहून म्हणाली, सगळ्याच लाल, मग ओळखू कसं येईन कोणती कोणाची? मी शिडीवरून म्हणालो, मी आहे ना. या भिंतींच्या आत कुठून कोण कुठं जातं ते माझ्या डोक्यात असं होतं की रात्री अंथरुणावर पडून मी मनात सगळ्या घराच्या वायरी ओढून पाहायचो, मीटरपासून न्हाणीघरापर्यंत, आणि झोप यायची.

मी आहे ना.

दिवाळीच्या आधी मी लाखांदूरला गेलो होतो. म्हणजे लाखांदूरच्या स्टँडवर मी बाकावर बसलेलो होतो. गावाचं नाव समोर पाटीवर होतं, हातात पिशवी होती, पिशवीत दोन पपया. कोणाकडं निघालो होतो ते नव्हतं. साकोलीची गाडी लागली तेव्हा तीत बसलो आणि घरी येऊन पपया ठेवल्या. चंद्रकलानं विचारलं, चुलतबहिणीच्या घरी कोणी नव्हतं का? मी म्हणालो, नव्हतं. दुसऱ्या दिवशी चुलतबहिणीचा फोन आला, दादा आला नाही, वाट पाहिली. त्यानंतर भंडाऱ्याचे डॉक्टर. त्यांनी तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून ते परत विचारले. आंबा, खुर्ची. डॉक्टर थांबले. पंखा फिरत होता. मी पंखा म्हणालो. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि नागपूरच्या मोठ्या डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी दिली. तिसरा शब्द चंद्रकलाला माहीत आहे, ती शेजारच्याच खुर्चीवर होती. मी तिला अजून विचारलेला नाही. शनिवारी नागपूर. तिथं कागदावर या गोष्टीचं नाव लिहिलं जाईल, आणि नाव लिहिलं गेलं की ती गोष्ट माझी राहणार नाही, विनोदची होईल, चुलतबहिणीची होईल, श्यामराव दुसऱ्या कपाच्या वेळी तिच्याबद्दल विचारतील.

मी खाली आलो. “चंद्रकला, ऐक. हा लाईट मी आज नीट केला, कोणाले न विचारता, तं शनिवारी नागपूरले जायचं नाही. चिठ्ठी फाडून टाकायची.”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. आता वाद होईल म्हणून मी तयार उभा होतो.

“बरं,” ती म्हणाली. “पन जेवून घ्या आधी.”

इतक्या लवकर बरं म्हणाली याचाच मला राग आला. जेवलो नाही.

मेन बंद केला. वर गेलो. बोर्ड उघडला. नवं बटन सोडवलं. भिंतीतल्या डब्यातून तीन वायरी बाहेर आल्या, तिन्ही लाल, तिन्ही सारख्या जाड, टोकाला सारख्या सोललेल्या, एकमेकींपासून जरा लांब, फोटोसाठी उभ्या केलेल्या बहिणींसारख्या. यातली एक दिव्याकडं जाते. सोमवारी मी तिला चुकीच्या जागी बसवलं. ओळखायची कशी हे मला येत होतं. अजून येतं. आत्ता सांगतो.

उद्देश: वरच्या डब्यातील तीन वायरींपैकी कॉमन शोधणे.
साहित्य: टेस्टर, पेचकस, चिकटपट्टी.
कृती: तिन्ही टोके मोकळी ठेवावी. मेन चालू करावा. प्रत्येक टोकाला टेस्टर लावावा. ज्या एका टोकावर टेस्टर पेटेल ते लक्षात ठेवावे. खाली जाऊन खालचे बटन उलटे करावे. वर येऊन पुन्हा टेस्टर लावावा. आता दुसऱ्या टोकावर पेटेल. दोन्ही वेळा जे टोक मेलेले राहील ते कॉमन.
निरीक्षण:

लक्षात ठेवावे. मेन चालू केला, वर गेलो, टेस्टर लावला, डावी पेटली. डावी, डावी म्हणत सतरा पायऱ्या उतरलो. बटन उलटं केलं. स्वयंपाकघरातून चंद्रकला म्हणाली, मी दाबून देऊ का इथून, तुमी वरच राहा. नको म्हणालो. वर आलो तोपर्यंत डावी हा नुसता आवाज राहिला होता, मी कोणत्या बाजूला उभा राहून डावी म्हणालो होतो ते गेलं होतं, भिंतीकडं तोंड करून की जिन्याकडं. मग सोललेली पट्टी आठवली. ती कठड्यावर होती. पुन्हा सगळं केलं, पेटली त्या वायरीला पट्टी गुंडाळली, खाली गेलो, बटन उलटं केलं, वर आलो आणि पट्टी गुंडाळलेली ती वायर पाहिली, आणि पट्टी पेटलेल्या वायरीला लावली होती की मेलेल्या, हे मला आठवेना. माणूस जखमेला पट्टी लावतो. म्हणजे मेलेल्या. पण सुरुवात पेटलेल्यापासून करायची असते. म्हणजे पेटलेल्या. मी पायरीवर बसलो. चंद्रकला म्हणाली होती की सोमवारी मी नवं बटन बसवून पायरीवर बसलो, नाही, तेवढं ती म्हणाली नव्हती. पण मी सोमवारी इथंच बसलो असणार, याच पायरीवर, असंच, आणि मला आज आठवत नाही तसं आजचंही

मेन बंद केला. मेन बंद केला का? खाली गेलो. मेनच्या समोर उभा राहिलो तर खटका वर होता, म्हणजे चालू. की मी आत्ताच वर केला? बोट खटक्यावर होतं. बोटाला विचारून कळत नाही. खाली पाडला. पण मग टेस्टर कसा पेटणार म्हणून वर केला. की नाही केला. तिसऱ्या फेरीला, की चौथ्या, गुडघे दुखायला लागले तेव्हा मी जिन्यातच थांबलो, मध्ये कुठंतरी, वरही नाही आणि खालीही नाही, आणि टॉर्चचा गोल भिंतीवर धरून पाहत राहिलो. या भिंतीच्या आत त्या दोन ये-जा करणाऱ्या वायरी माझ्या खांद्याच्या उंचीवरून जातात. मी तळहात ठेवला. चुना गार होता. रात्री अंथरुणावर पडून ओढून पाहायचो त्या वायरी, मीटर, मग ओसरी, मग डावीकडं वळून, मग. बाकीचं सगळं जागच्या जागी आहे, आयटीआयच्या पहिल्या बॅचची हजेरी मी अजून पाठ म्हणू शकतो, आडनावांसकट, पण ओसरीनंतर वायर भिंतीत शिरते आणि मला दिसत नाही.

“जय भीम, सर.”

खाली संघपाल उभा होता. एकोडीचा, माझ्या हाताखाली शिकला, आता साकोलीत त्याचं स्वतःचं लाईट फिटिंगचं दुकान आहे, चाळिशीला आला, कानाशी केस पिकलेत. “इकडून जाऊन राहिलो होतो,” तो म्हणाला. “म्हणलं सरांले भेटून घेऊ.” त्याच्या शर्टाच्या खिशात टेस्टर होता आणि हातात कामाची पिशवी. भेटायला येणारा माणूस पक्कड घेऊन येत नाही. चंद्रकला स्वयंपाकघराच्या दारात आली नाही, भांड्यांचा आवाज मात्र थांबला.

“ये,” मी म्हणालो. “जय भीम. जिन्याचं पाहून राहिलो होतो जरासं.”

“टू-वे? बापा रे. सर, याच्यातच तुमी मले नापास केलं होतं.”

“नापास नाही केलं. पुन्हा करायले लावलं.”

“तीनदा. तिसऱ्या वेळी माझी लाखांदूरची गाडी सुटली अन् मी आत्याच्या घरी पोहोचलोच नाही, हिवाळ्यात स्टँडवर झोपलो.”

“तू पहिल्या वेळी दिव्याच्या जागी न्यूट्रल जोडला होता. दुसऱ्या वेळी नीट केलं अन् स्क्रू ढिला ठेवला.”

तो हसला. “हे बी ध्यानात आहे तुमच्या.”

हे आहे. संघपालचा ढिला स्क्रू आहे, पितळेचा, डोकं झिजलेला. मी वर बोर्डाशी गेलो, तो मागून वर आला, माझ्या खालच्या पायरीवर उभा राहिला, त्याच्या अंगाला सायकलच्या वंगणासारखा आणि तंबाखूचा वास होता. त्यानं बोर्डात डोकावलं. तीन लाल वायरी पाहिल्या, एकीला पट्टी पाहिली, आणि काही विचारलं नाही. इतर कोणत्याही घरात त्यानं घरमालकाला विचारलं असतं, कोन्या गाढवानं केली ही वायरिंग? मी वाट पाहत होतो. तो म्हणाला, “तुमी नुसतं सांगा, सर. हात मी लावतो. तुमचे गुडघे दुखत असतीन.”

गुडघ्यांबद्दल त्याला कोणी सांगितलं?

“कॉमन कोणती, सर?”

आवाजात काहीही नव्हतं, एका वायरमननं दुसऱ्याला विचारावं तसं. मी टॉर्च धरला होता. तिन्हींवरून गोल एकदा फिरवला. मी उजवीकडच्या वायरीकडं बोट केलं. का, ते विचारू नये. कुठंतरी बोट करायला हवं होतं.

“ही?”

“ही.”

“मेन बंद आहे ना?”

“हो,” मी म्हणालो.

हे हो माझ्या तोंडातून एकोणतीस वर्षांच्या सवयीनं आलं. ते बाहेर पडलं आणि त्याच्या मागं काहीच नव्हतं. मेनचा खटका मला दिसत होता, वर असलेला दिसत होता आणि खाली असलेलाही, दोन्ही सारखेच स्पष्ट, दोन्हींवर माझंच बोट. फ्रिजचा आवाज येतो का म्हणून कान दिला. येत नव्हता. पण आमचा फ्रिज मधून मधून गप्पच असतो. संघपालनं टेस्टर खिशातून काढला नाही. सरांनी हो म्हटल्यावर टेस्टर लावणं म्हणजे सरांवर विश्वास नसणं, हे त्याला माझ्यासारख्यांनीच शिकवलं होतं, कोणी बोलून शिकवत नाही ते. त्यानं डावा हात भिंतीला टेकवला आणि उजव्या हाताची दोन उघडी बोटं त्या वायरीकडं नेली. नखाजवळ जुना भाजल्याचा डाग होता. मला इतकंच म्हणायचं होतं, थांब. पण थांब म्हटलं की तो विचारणार, काहून. आणि त्या काहूनचं उत्तर एकच होतं, आणि ते खाली चंद्रकला ऐकणार होती, जी भांडी न वाजवता उभी होती. त्याची दोन पोरं मी पाहिली आहेत, एक पोरगी दहावीला आहे. तरीही मी थांबलो. हे मी लिहून ठेवतो, कारण उद्या कदाचित हेही राहणार नाही: मी थांबलो. किती, ते माहीत नाही. एक श्वास. त्या एका श्वासात मी नागपूरचा विचार केला.

“संघपाल,” मी म्हणालो. “हात काढ. मेनचं मले आठवत नाही.”

त्याची बोटं वायरीवर होती. ती तशीच राहिली.

“मीच पाडला, सर,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “आत येतानाच. काकूनं फोनवर सांगितलं होतं, वरखाली करून राहिले म्हणून.”

मग तो कामाला लागला. त्याचा खांदा बोर्डाच्या आड आला, आणि टॉर्चचा उजेड त्याच्या पाठीवरच पडत राहिला, मला वायरी दिसत नव्हत्या. मध्ये एकदा वायरींच्या टोकांवरून अंगठा फिरवून तो बराच वेळ पाहत राहिला, मग पेचकसाचा आवाज आला, तीन वेळा. बोर्ड बसवला. खाली जाऊन त्यानं मेन चढवला आणि जिन्याच्या पायथ्याशी येऊन बटन दाबलं. दिवा लागला. “दाबा, सर.” मी वरून दाबलं, गेला. त्यानं दाबलं, लागला. मी दाबलं, गेला. त्यानं दाबलं. उजेडात बोर्ड माझ्या समोर होता, दोन्ही स्क्रूंच्या खाचा उभ्या.

“झालं,” तो खालून म्हणाला. “तुमी दाखवलेलीच निघाली, सर. उजवीच.”

मी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. इतक्या वरून चेहरा म्हणजे कपाळ आणि नाक. तो पक्कड पिशवीत ठेवत होता. तिन्हींतली बरोबर वायर माणूस नुसतं बोट करूनही काढू शकतो, ते खोटंच असलं पाहिजे असं नाही. पण खरं आहे की नाही हे बोर्ड पुन्हा उघडूनही मला कळणार नव्हतं.

चंद्रकला आता बाहेर आली होती. ती त्याच्या शेजारी उभी राहिली, पदराला हात पुसत, आणि तिनं वर माझ्याकडं पाहिलं. तिनंच त्याला बोलावलं होतं. तिनंच चिठ्ठी देवघराच्या फळीवर जपून ठेवली होती, आणि सोमवारपासून बटनाला पट्टी लावून ठेवणारीही तीच. “संघपाल म्हणते तुमचंच बरोबर होतं,” ती म्हणाली. “मग शनिवारचं राहू देऊ का?” विचारताना तिचा आवाज असा झाला जसा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सिनेमाला जायचं का विचारताना व्हायचा. तिला नागपूर नको होतं. हे मला आत्तापर्यंत दिसलं नव्हतं. मी जिंकावं म्हणून ती संघपाल आल्यापासून स्वयंपाकघरात भांडी न वाजवता उभी होती.

संघपालनं पिशवीची चेन ओढली आणि तो दाराकडं पाहत उभा राहिला.

“नाही,” मी म्हणालो. “जाऊ.”

तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, “सकाळची सातची गाडी हाय. सोबत डबा घेऊ, का तिथंच खासान?”

मी वरच्या पायरीवर बसलो. ती वर यायला लागली, एका हातानं भिंत धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.